एक रेषा आणि अनेक तर्क

२ जुलै १९३७ रोजी सकाळी दहा वाजता न्यू गिनी बेटावरील लाए या गावाहून दोन इंजिनांचे एक विमान पूर्वेकडे उडाले. विमान लॉकहीड कंपनीचे ‘इलेक्ट्रा’ जातीचे होते. वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि मार्गदर्शक फ्रेड नूनन असे दोघेच आत होते. पोटात सुमारे ४,१०० लिटर पेट्रोल होते आणि पोहोचायचे होते ४,११३ किलोमीटरवरच्या हाउलंड नावाच्या बेटावर. विमान तेथे पोहोचले नाही. पुढे ना विमानाचा निर्विवाद अवशेष मिळाला, ना माणसांचा.

ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की हमखास एक प्रश्न येतो, ‘मग तिचे काय झाले?’ आणि वर्गातला एखादा हुशार मुलगा उत्तरही देतो, ‘जपान्यांनी पकडले.’ दूरचित्रवाणीवर त्याने तसे पाहिलेले असते. अशा वेळी शिक्षकाने ‘नाही’ म्हणून विषय मिटवू नये. जपान्यांचा तर्क, निर्जन बेटाचा तर्क, समुद्रात बुडाल्याचा तर्क, हे सगळे एका साध्या भूगोलाच्या धड्यातून तपासता येतात. त्यासाठी पाटोद्यासारख्या गावातील शाळेचे मैदान, एक काठी आणि एक जुना ट्रान्झिस्टर एवढे साहित्य पुरे.

प्रथम अमेलियाविषयी थोडेसे. तिचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेतील कान्सास राज्यात झाला. १९२८ मध्ये विमानाने अटलांटिक महासागर ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून ती गाजली, पण त्या विमानात ती केवळ प्रवासी होती. विमान चालवणारे दोघे पुरुष होते आणि या कौतुकाची तिला स्वतःलाच लाज वाटे. चार वर्षांनी, मे १९३२ मध्ये, तिने एकटीने विमान चालवून अटलांटिक पार केला. जानेवारी १९३५ मध्ये हवाई बेटांपासून कॅलिफोर्नियापर्यंत ती एकटी उडत आली. त्याच्या महिनाभर आधी चार्ल्स उल्म हा नावाजलेला ऑस्ट्रेलियन वैमानिक नेमक्या याच समुद्रावर, उलट दिशेने येताना, दोन सोबत्यांसह नाहीसा झाला होता. त्यालाही बेटे सापडली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण अमेलिया हरवल्यावर ‘बाईने कशाला या भानगडीत पडावे’ असा सूर निघतो. उल्म हरवला म्हणून पुरुषांनी विमान चालवू नये असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

१९३७ ची मोहीम विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची होती. मार्च महिन्यातील पहिला प्रयत्न हवाईला विमान धावपट्टीवरच घसरून मोडल्यामुळे फसला. दुरुस्तीनंतर तिने दिशा बदलली आणि १ जून रोजी मायामी सोडून पूर्वेकडे निघाली. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, तांबडा समुद्र असे करीत ती १५ जूनला कराचीला उतरली. कराचीचा विमानतळ तेव्हा आपल्या परिचयाचाच होता. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी याच कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत विमान आणले होते. त्याच वर्षी ऊर्मिला पारीख यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता, तेव्हा विमान चालवणारी स्त्री ही आपल्याकडेही अगदी न ऐकलेली गोष्ट राहिली नव्हती. १७ जूनला अमेलिया कराचीहून निघून एका दमात कलकत्त्याला पोहोचली. हा मार्ग बीड जिल्ह्याच्या बराच उत्तरेकडून जातो. आमचा पाटोदा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि येथल्या आकाशात विमान दिसणे ही नवलाईच असणार.

पुढे ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर तिची गाठ नैर्ऋत्य मोसमी पावसाशी पडली. अक्याबहून निघालेले विमान पावसामुळे परत फिरवावे लागले. तरीही रंगून, सिंगापूर, जावा, ऑस्ट्रेलिया असे टप्पे घेत २९ जूनला ती लाएला पोहोचली. सुमारे ३५,००० किलोमीटर झाले होते. उरला होता प्रशांत महासागर, आणि त्यातला सर्वांत अवघड टप्पा हाउलंडचाच होता.

हाउलंड बेट सुमारे दोन किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या पाझर तलावाएवढा हा जमिनीचा तुकडा आहे. वीस तास पाण्यावरून उडून तो शोधायचा. शिवाय सकाळच्या वेळी समुद्रावर पडणाऱ्या ढगांच्या सावल्या वरून बेटांसारख्याच दिसतात. भरीस भर म्हणजे त्या वेळच्या नकाशांत हाउलंडची जागा आठ-दहा किलोमीटर चुकलेली होती.

समुद्रावर खुणा नसतात, म्हणून मार्गदर्शक सूर्य आणि तारे यांच्यावरून आपली जागा काढतो. येथे वेळेचे महत्त्व मुलांना गणिताने पटवावे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. पाटोद्याचे रेखांश सुमारे साडेपंचाहत्तर अंश पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. सात अंशांचा फरक, म्हणून आमच्याकडे सूर्य सरासरीने १२ वाजून २८ मिनिटांनी डोक्यावर येतो. (ऋतूंनुसार यात काही मिनिटे मागेपुढे होतात.) हेच गणित उलटे करा. घड्याळ एका मिनिटाने चुकले तर रेखांशात पाव अंशाची चूक होते आणि विषुववृत्तावर पाव अंश म्हणजे सुमारे २८ किलोमीटर, साधारण पाटोदा ते मांजरसुंबा एवढे अंतर. दोन किलोमीटरच्या बेटाच्या शोधात ही चूक जीवघेणी आहे.

नूनन या कामात कच्चा नव्हता. पॅन अमेरिकन कंपनीचे प्रशांत महासागरावरील विमानमार्ग आखण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढे काही लेखकांनी त्याच्या दारूवर सारा दोष ढकलला, पण त्या उड्डाणात दारूमुळे काही बिघडल्याचा पुरावा नाही. त्याने सकाळी सूर्योदयाच्या सुमारास सूर्याचा वेध घेतला असावा, असे शेवटच्या संदेशावरून समजते. त्या संदेशात अमेलिया म्हणाली होती की आपण १५७-३३७ या रेषेवर आहोत आणि उत्तर-दक्षिण फिरत आहोत.

ही रेषा म्हणजे काय? एका क्षणी ज्या ज्या ठिकाणांहून सूर्य सारख्याच उंचीवर दिसतो ती सगळी ठिकाणे पृथ्वीवर एका प्रचंड वर्तुळात येतात. त्या वर्तुळाचा लहानसा तुकडा घेतला तर तो सरळ रेषेसारखाच असतो आणि सूर्याच्या दिशेशी काटकोन करतो. जुलैच्या सुरुवातीला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २३ अंश उत्तरेला असतो, म्हणून हाउलंडवरून तो उत्तरेपासून ६७ अंशांवर उगवताना दिसतो. ६७ मध्ये ९० मिळवले की १५७ येतात आणि त्याच्या अगदी विरुद्ध दिशा ३३७. एका वेधातून नूननला एवढेच कळले की आपण या रेषेवर कोठेतरी आहोत. मग वेगाच्या हिशोबाने ती रेषा पुढे सरकवत हाउलंडवर आणायची. पण त्या रेषेवर बेट आपल्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे सूर्य सांगत नाही. त्यासाठी दुसरा वेध हवा, तारा किंवा चंद्र हवा, किंवा रेडिओ हवा.

हा प्रयोग शाळेत करता येतो. पाटोद्यातही २ जुलैला सूर्य पूर्वेच्या सुमारे २४ अंश उत्तरेकडे उगवतो, म्हणजे जवळपास हाउलंडसारखाच. त्या दिवशी उगवतीच्या वेळी मैदानावर काठी रोवून सावलीची रेघ मारावी आणि तिच्याशी काटकोनात दुसरी रेघ काढावी. नूननची रेषा मुलांच्या पायाखाली येते. (जुलैच्या आरंभी आमच्याकडे ढग असतात, पाऊस असेलच असे नाही. पण दोन-चार दिवस मागेपुढे केले तरी फारसे बिघडत नाही.) एका विद्यार्थ्याला डोळे बांधून त्या रेघेवर कोठेही उभे करावे आणि रेघेवर ठेवलेला खडा शोधायला सांगावे. तो आधी कोणत्या बाजूला जातो ते बाकीच्यांनी पाहावे.

उत्तर-दक्षिण ठरवण्यासाठी रेडिओची सोय केलेली होती. हाउलंडजवळ ‘इटास्का’ हे अमेरिकन तटरक्षक जहाज याच कामासाठी थांबले होते. विमानावर गोल कडीच्या आकाराचा दिशाशोधक अँटेना होता. त्याचे तत्त्व मीडियम वेव्हवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरवर दाखवता येते. जे केंद्र ऐकू येत असेल ते लावून ट्रान्झिस्टर आडवा गोल फिरवला की एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो. आतील अँटेनाची कांडी तेव्हा केंद्राच्या दिशेला असते. कडीच्या अँटेनानेही अशीच क्षीण आवाजाची जागा शोधून दिशा ठरवतात.

मात्र ही युक्ती कमी वारंवारितेवर नीट चालते. अमेलियाने इटास्काकडे ७,५०० किलोहर्ट्झवर संकेत मागितले, आणि त्या वारंवारितेवर तिच्या यंत्राला दिशा मिळणे शक्य नव्हते. सकाळी आठ वाजता तिने कळवले की संकेत ऐकू येतो पण दिशा लागत नाही. जहाजाला ५०० किलोहर्ट्झवर तिची दिशा काढता आली असती, पण त्यासाठी लागणारी लांब लोंबती तार तिने आधीच विमानातून काढून टाकली होती. दोघांपैकी कोणालाही मोर्स संकेत सफाईने येत नव्हते आणि ती इतके थोडके बोले की जहाजावरच्या लोकांना दिशा घ्यायला उसंत मिळत नसे. इटास्काची घड्याळे ग्रीनिचच्या साडेअकरा तास मागे होती, तर तिचा सगळा हिशोब ग्रीनिच वेळेत. अर्ध्या तासाचे असे तिढे आपल्याला नवे नाहीत. त्या काळी आपल्याकडेही मुंबईची वेळ, कलकत्त्याची वेळ आणि प्रमाणवेळ अशा तीन वेळा नांदत होत्या.

७ वाजून ४२ मिनिटांनी तिचा आवाज इटास्कावर मोठ्याने आणि स्पष्ट आला. आपण तुमच्या जवळच असलो पाहिजे, पण तुम्ही दिसत नाही, पेट्रोल कमी होत आले आहे, अशा अर्थाचा तो संदेश होता. ८ वाजून ४३ मिनिटांनी रेषेचा संदेश आला. उड्डाणाला तेव्हा २० तास १३ मिनिटे झाली होती. त्यानंतर तिच्याकडून निश्चितपणे आलेला असा एकही संदेश नाही. आणखी एक कोडे मुलांना घालावे. २ जुलैच्या सकाळी निघालेले विमान वीस तास उडून हरवले, तरी हरवण्याची तारीख २ जुलैच कशी? वार्षिक परीक्षेतल्या आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मुलांच्या अधिक लक्षात राहतो.

शोध प्रचंड झाला. इटास्काच्या जोडीला ‘कोलोरॅडो’ ही युद्धनौका आणि ‘लेक्सिंग्टन’ ही विमानवाहू नौका आली. १९ जुलैला शोध थांबला. ५ जानेवारी १९३९ रोजी अमेलियाला कायद्याने मृत घोषित करण्यात आले आणि तर्कांना रान मोकळे मिळाले.

जपान्यांच्या तर्काला काळाची साथ होती. अमेलिया हरवल्यावर पाचच दिवसांनी चीन-जपान युद्धाची ठिणगी पडली. मार्शल बेटे आणि सायपान जपानच्या ताब्यात होती आणि परक्यांना तेथे मज्जाव होता. १९४३ मध्ये हॉलिवूडने असाच कथाभाग असलेला, वैमानिक स्त्रीला हेर बनवणारा चित्रपट काढला. १९४४ मध्ये अमेरिकन सैनिक सायपानवर उतरले तेव्हा ‘गोऱ्या बाईला’ पाहिल्याच्या हकिकती निघू लागल्या आणि १९६६ मध्ये फ्रेड गोर्नर या पत्रकाराने त्यांवर मोठे पुस्तक लिहिले. आता नकाशा उघडावा. लाए ते हाउलंड ४,११३ किलोमीटर. हाउलंड ते सायपान मोजले तर ते ४,४०० किलोमीटरच्याही वर भरते! पेट्रोल संपत आलेले विमान तेथे जाणे अशक्यच, म्हणून या तर्काचे समर्थक म्हणतात की विमान मार्शल बेटांत उतरले आणि तेथून जपान्यांनी दोघांना सायपानला नेले. पण मार्शल बेटांतली जवळची बेटेही सुमारे १,४०० किलोमीटर मागे आहेत. सकाळी पावणेनऊला ज्यांचा आवाज हाउलंडजवळ इतका स्पष्ट येत होता ते इतके मागे कसे जातील?

२०१७ मध्ये अमेरिकेतील एका वाहिनीने एक छायाचित्र दाखवले. मार्शलमधील जालुइट बेटाचा धक्का, पाठमोरी बसलेली एक व्यक्ती, दूर काहीतरी ओढून नेणारे जहाज. ही अमेलिया, असा दावा होता. कोता यामानो या जपानी अभ्यासकाने ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अर्ध्या तासाच्या आत तेच छायाचित्र एका जपानी प्रवासवर्णनात शोधून काढले. ते पुस्तक १९३५ मध्ये छापलेले होते, म्हणजे अमेलिया हरवण्याच्या दोन वर्षे आधी. चेहरे ओळखण्यासाठी तज्ज्ञ नेमले गेले होते, पण छायाचित्राची तारीख कोणी पाहिली नव्हती.

ज्याचा देह मिळत नाही त्याचे तोतये निघतात, हे मराठी माणसाला सांगायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाई हलवून सोडली होती. अमेलियाच्या बाबतीत मजा उलटी झाली. १९७० मधील एका पुस्तकाने न्यू जर्सीतील एका बाईंनाच ‘तुम्हीच अमेलिया’ ठरवले. त्या बिचाऱ्या नाही नाही म्हणत राहिल्या आणि शेवटी कोर्टात गेल्या. पुस्तक मागे घ्यावे लागले.

निर्जन बेटाचा तर्क याहून गंभीर आहे. १५७-३३७ ही रेषा हाउलंडपासून आग्नेयेकडे वाढवली तर सुमारे ६५० किलोमीटरवर गार्डनर बेटाच्या जवळून जाते. त्याचे आजचे नाव निकुमारोरो. भरतीच्या वेळी बुडणाऱ्या तेथील सपाट खडकावर विमान उतरले असावे आणि पुढे लाटांनी ओढून नेले असावे, असे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे संशोधन करणारा अमेरिकन गट मानतो. ९ जुलै १९३७ रोजी कोलोरॅडोच्या विमानांनी बेटावरून घिरट्या घातल्या. माणसाच्या वावराच्या खुणा दिसल्या, विमान दिसले नाही. १९४० मध्ये जेराल्ड गॅलघर या ब्रिटिश अधिकाऱ्याला तेथे कवटी, काही हाडे, बुटाचा तुकडा आणि सेक्स्टंटची रिकामी पेटी मिळाली. १९४१ मध्ये फिजीत डॉ. हूडलेस यांनी हाडे तपासून ती ठेंगण्या, दणकट पुरुषाची असल्याचे लिहिले. नंतर हाडे हरवली.

पण हूडलेस यांनी निष्कर्षासोबत मापेही लिहून ठेवली होती. दंडाचे हाड ३२.४ सेंटिमीटर, हाताचे बाहेरचे हाड २४.५, नडगी ३७.२. हाडे गेली तरी मापे राहिली, म्हणून २०१८ मध्ये रिचर्ड जँट्झ या मानवशास्त्रज्ञाला ती संगणकावर पुन्हा तपासता आली. अमेलियाची छायाचित्रे आणि कपडे यांवरून तिच्या हाडांची लांबी काढून त्याने म्हटले की संदर्भासाठी घेतलेल्या ९९ टक्के व्यक्तींपेक्षा ही मापे अमेलियाशी अधिक जुळतात. प्रयोगवहीत ‘उत्तर बरोबर आले’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ही हकीकत जरूर सांगावी. तरीही जुळणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. त्या बेटावर १९२९ मध्ये ‘नॉर्विच सिटी’ हे मालवाहू जहाज फुटून काही खलाशी दगावले होते, त्यांचाही विचार करावा लागतो. १९९१ मध्ये तेथे सापडलेला अॅल्युमिनियमचा पत्रा इलेक्ट्राचा म्हणून गाजला, पण पुढे तो दुसऱ्या महायुद्धातील वेगळ्याच विमानाचा निघाला. २०१९ मध्ये ‘टायटॅनिक’ शोधणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांनी बेटाभोवतालचा समुद्रतळ धुंडाळला. विमान मिळाले नाही. २०२५ मध्ये, अमेलियाच्या विमानाला पैसे पुरवणाऱ्या पर्ड्यू विद्यापीठाने याच बेटाच्या खाजणात उपग्रहचित्रांत दिसणारी एक वस्तू तपासण्याची मोहीम जाहीर केली.

माझा स्वतःचा कौल तिसऱ्या, सर्वांत नीरस तर्काला आहे. पेट्रोल संपले आणि विमान हाउलंडच्या आसपास समुद्रात पडले. या तर्काला नवीन काही गृहीत धरावे लागत नाही. आवाजाची स्पष्टता, पेट्रोलची तक्रार, न लागलेली दिशा, चुकलेला नकाशा, सगळे त्यात बसते. ‘मग अवशेष का नाहीत?’ हा आक्षेप वजनदार वाटतो खरा. १९३५ च्या नोव्हेंबरात अलाहाबादहून सिंगापूरकडे निघालेला चार्ल्स किंग्सफोर्ड स्मिथ ब्रह्मदेशच्या किनाऱ्याजवळ नाहीसा झाला, तेव्हा सुमारे १८ महिन्यांनी त्याच्या विमानाचे एक चाक किनाऱ्याला लागले होते. पण तेथे किनारा जवळ होता. हाउलंडभोवती शेकडो किलोमीटर पाणी आहे आणि खोली पाच किलोमीटरच्या आसपास.

इतक्या खोलीत शोधणे किती कठीण, याचे उदाहरण आपल्याकडचेच आहे. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात बेपत्ता झाले. मार्ग ठरलेला, रडारवरची शेवटची जागा ठाऊक, जहाजे आणि विमाने तातडीने निघालेली. तरी त्याचे अवशेष ओळखू आले ते जानेवारी २०२४ मध्ये. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीतून त्यांची छायाचित्रे आणली. साडेसात वर्षे लागली, आणि येथे कोणी निर्जन बेटाचा किंवा कैदेचा तर्क लढवला नव्हता.

त्याच जानेवारीत अमेरिकेतील एका कंपनीने हाउलंडपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळावर विमानाच्या आकाराची एक धूसर सोनार-प्रतिमा मिळाल्याचे जाहीर केले. पंख, शेपूट, सगळे दिसत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा खाली जाऊन जवळून पाहिले तेव्हा तो खडक निघाला.